चेरोकी वारसा : गडूगी, कनुची, टोपल्या आणि ८५ अक्षरं (कामाची माहिती)

पायवाट

सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेतला लेबर डे. त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी ओक्लाहोमातल्या टाहलेक्वा गावात 'चेरोकी नॅशनल हॉलिडे' भरतो, चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा. ६ सप्टेंबर १८३९ ला इथे चेरोकी राष्ट्राची राज्यघटना झाली. तिच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा उत्सव होतो. तारीख जरा लक्षात घ्या. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामातून सैन्याने हुसकावलेले हे लोक १८३८-३९ चा हिवाळा काढत इथवर आले, तीच 'ट्रेल ऑफ टिअर्स', अश्रूंची वाट. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसं छावण्यांत आणि वाटेत गेली, असा अंदाज दिला जातो. शेवटचे जथे पोचल्यावर सहा महिन्यांच्या आत घटना तयार होती. म्हणून या उत्सवात मोडलेलं घर पुन्हा उभं केल्याचा अभिमान आहे.

डॅलस, टल्सा, अटलांटा, शार्लट या भागांत मराठी घरं भरपूर आहेत. चेरोकींची बरीचशी ठिकाणं त्यांना एका दिवसाच्या अंतरावर आहेत. पण फोटो काढून परत येण्यापलीकडे या लोकांचं हातचं काम, स्वयंपाक, लिपी, खेळ यांची माहिती मराठीत एकत्र मिळत नाही. ज्यांना एखाद्या गोष्टीची नीट माहिती आहे त्यांनी कृतीसकट लिहावं, प्रमाणं द्यावीत, कुठे चुकतं तेही सांगावं.

सुरुवातीला एवढं : अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्य केलेल्या चेरोकी शासनसंस्था तीन. टाहलेक्वाचं चेरोकी नेशन (साडेचार लाखांहून अधिक नागरिक), तिथलंच युनायटेड किटूवा बँड आणि नॉर्थ कॅरोलिनात क्वाला बाउंडरी या आपल्या भूमीवर राहणारा ईस्टर्न बँड. ईस्टर्न बँड म्हणजे मुख्यतः हकालपट्टीच्या वेळी डोंगरात टिकून राहिलेल्यांचे वंशज. तिघांचे कायदे आणि निवडणुका वेगळ्या आहेत. 'चेरोकी लोकांचं मत काय' असं विचारायचं असेल तर आधी कोणते चेरोकी ते ठरवावं लागतं.

उत्सवाला जाणाऱ्यांसाठी : शनिवारी सकाळी मिरवणूक असते आणि त्याच दिवशी प्रमुखांचं राष्ट्राला उद्देशून भाषण होतं. टाहलेक्वात राहायच्या जागा मोजक्या आहेत, त्या कित्येक महिने आधी भरतात. जागा मिळाली नाही तर मस्कोगी किंवा टल्साला उतरावं. टल्साहून गाडीने सव्वा तास लागतो. ऊन कडक असतं, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

ओझार्क

चांगला धागा. एक गैरसमज आधीच दूर करतो. तिपी तंबू आणि कमरेपर्यंत लोंबणारी पिसांची शिरस्त्राणं चेरोकींची नाहीत, ती गवताळ मैदानांतल्या जमातींची. चेरोकी हे डोंगर-नद्यांच्या काठचे शेतकरी. घरं कुडाची, म्हणजे काटक्या विणून वर माती लिंपलेली, आणि पुढे ओंडक्यांची. जुन्या चित्रांत चेरोकी पुरुषांच्या डोक्याला पागोटं दिसतं. पाउवाओ, म्हणजे ढोलाच्या तालावरच्या नाचांचा मेळावा, हीसुद्धा मुळात मैदानी प्रथा. आज तो उत्सवात असतो आणि लोक आनंदाने नाचतात, पण चेरोकींचं स्वतःचं नृत्य म्हणजे स्टॉम्प डान्स.

स्टॉम्प डान्स रात्री अग्नीभोवती होतो. फिरण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याही उलट. रिंगणाच्या कडेला सात मांडव असतात, सात कुळांचे : लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, निळं आणि रानबटाटा. कूळ आईकडून येतं. पुढे पुरुष गाण्याची ओळ टाकतो, मागचे पुरुष ती झेलतात. ताल मात्र बायकांच्या पायांत असतो. कासवाच्या पाठींत नदीतले बारीक गोटे भरून, त्या चामड्यावर ओळीने बांधून दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळतात. कासवाच्या पाठी मिळवणं अवघड, म्हणून कित्येक जणी दुधाच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यांची जोडी बांधतात. त्यांचा आवाज अधिक मोठा आणि कोरडा येतो.

इथे चुकतं ते बांधणीत. चामडं सैल राहिलं तर पाय टेकल्यावर पाठी अर्ध्या क्षणाने उशिरा वाजतात आणि सगळी रांग घसरते. म्हणून आत जाड कापड किंवा टॉवेल गुंडाळून वर दोऱ्या आवळतात. पोटरीला इजाही होत नाही.

अटलांटाकर

@ओझार्क, बाहेरच्यांना स्टॉम्प डान्स पाहता येतो का? व्हिडिओ काढला तर चालतो?

ओझार्क

दोन प्रकार आहेत. उत्सवात किंवा संग्रहालयात दाखवायला केलेला नाच सर्वांसाठी खुला असतो, तिथे विचारून फोटो काढता येतात. धार्मिक मैदानावरचा नाच हा उपासनेचा भाग आहे. तिथे कुणी ओळखीच्याने बोलावलं तरच जावं. कॅमेरा, फोन, ध्वनिमुद्रण काही नाही. दारू अजिबात नाही. अग्नी आणि नाचणारे यांच्या मधून जाऊ नये. पाहुण्यांना रांगेत बोलावलं तर शेवटी उभं राहावं, पुढे घुसू नये. गाणी ऐकून कागदावर उतरवूही नयेत.

उखळ

कनुचीबद्दल लिहिते. ही हिकरीच्या फळांची पातळ खीर म्हणा किंवा सार म्हणा. हिकरी हे अक्रोडाच्याच कुळातलं झाड.

शरदात पडलेली फळं वेचून काही आठवडे हवेशीर जागी वाळवायची. मग पाण्यात टाकायची. तरंगतात ती किडकी किंवा पोकळ, फेकून द्यावीत. टरफलावर टाचणीएवढं भोक दिसलं तर ते फळही नको, आतून अळी बाहेर पडलेली असते. चांगली फळं पुन्हा कोरडी करून फोडायची आणि विरळ विणीच्या टोपलीतून चाळायची. मोठी टरफलं वर राहतात, गर आणि बारीक चुरा खाली पडतो. हिकरीचा गर टरफलाच्या कप्प्यांत इतका अडकलेला असतो की सुईने काढत बसणं व्यर्थ, म्हणून बारीक टरफलासकटच कुटतात. ही या पदार्थातली खरी युक्ती.

कुटायला 'कनोना' : उभ्या ओंडक्याच्या माथ्यावर कोरलेला खोलगा. मुसळ आपल्या उलट. खालचं टोक निमुळतं आणि वरचं टोक जाड, जड. वजन वर असल्यामुळे मुसळ आपल्याच भाराने पडतं, हाताने फक्त उचलायचं. गराला तेल सुटून तो मुठीत बांधला जाईपर्यंत कुटायचं. मग साधारण तीन इंच व्यासाचे घट्ट गोळे वळायचे.

एक गोळा सुमारे एक लिटर पाण्यात टाकून उकळी आणायची, मंद आचेवर दहा मिनिटं. गोळा विरघळून पाणी दुधाळ होतं. बारीक गाळणीतून किंवा दुपदरी कापडातून गाळायचं. त्यात दोन कप शिजलेले हॉमिनी, म्हणजे राखेच्या पाण्यात साल काढलेले मक्याचे दाणे, घालायचे. हल्ली पुष्कळ जण भातही घालतात. काही घरांत साखर, काही घरांत मीठ.

कुठे बिघडतं : गोळे नुसते फडताळात ठेवले तर तेल खवट होतं. जास्त दिवस ठेवायचे तर फ्रीझरमध्येच. गाळताना शेवटचा गाळ पिळून काढायचा मोह टाळावा, टरफलाची कणी दाताखाली येते. आणि जात ओळखून वेचणं महत्त्वाचं. बिटरनट हिकरीचं एखादं फळ मिसळलं तरी सगळा गोळा कडू होतो.

तुळशीकट्टा

पीकान वापरलं तर? ते दुकानात सहज मिळतं.

उखळ

पीकान त्याच प्रजातीसमूहातलं झाड आहे, सार होईल. पण पीकानचं टरफल पातळ आणि तुरट असतं, ते कुटू नये, सोललेला गर घ्यावा. चव सौम्य येते, हिकरीचा धुरकट गोडवा येत नाही. त्याला कनुची म्हणू नये असं मला वाटतं.

हॉमिनीचं विचाराल म्हणून आताच : ओक-हिकरीसारख्या कठीण लाकडाची पांढरी राख चाळून घ्यायची. पाइनची नको, त्यात राळ असते. छापील कागद किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख तर मुळीच नको. राखेच्या पाण्यात वाळलेला मका साल निसटेपर्यंत उकळायचा आणि मग वाहत्या पाण्यात चोळून पाच-सहा वेळा धुवायचा. दाणा बोटाला बुळबुळीत लागतो तोवर क्षार आहे, धुणं चालू ठेवा. भांडं लोखंडाचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियमला हे पाणी खातं. साल काढणं हे राखेचं अर्धंच काम. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं ते या क्षारामुळे. युरोपीय लोकांनी मका नेला पण ही पद्धत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला.

याच मक्याचं पीठ करून बीन ब्रेड करतात. घेवडा पूर्ण मऊ शिजवायचा. उकळतं पाणी आणि दाणे दोन्ही पिठावर ओतून घट्टसर मळायचं, चपटे गोळे करायचे, मक्याच्या पानांत गुंडाळून बांधायचे आणि उकळत्या पाण्यात तासभर शिजवायचे. वाळकी पानं आधी गरम पाण्यात मऊ करून घ्यावीत, नाहीतर घडीवर चिरतात. मीठ पिठात घालायचं नाही, खाताना घ्यायचं. मिठाने गोळा फुटतो असं जुन्या बायका बजावून सांगतात. पाणी खळखळ उकळत असतानाच गोळे सोडावेत. कोमट पाण्यात सोडले तर बाहेरचा थर विरघळतो. पानगी करणाऱ्यांना हात लगेच बसेल.

रानभाजी

उखळताईंच्या यादीत रानकांद्याची भर. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पूर्व ओक्लाहोमात चर्चमध्ये, समाजमंदिरांत 'वाइल्ड अनियन डिनर' होतात. त्यातून निधी जमतो आणि हिवाळाभर न भेटलेली माणसं भेटतात. चेरोकीत कांदा म्हणजे 'स्वगी', यातला 'व' म्हणजे नाकातला 'अं', तेव्हा उच्चार 'संगी'च्या जवळचा.

दोन कप चिरलेले रानकांदे, अर्धा कप पाणी, थोडी डुकराची चरबी किंवा तेल. झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवायचे, पाणी आटलं की सहा अंडी फोडून हलवायची. अंडी आधी घातली तर कांदे कच्चे आणि चिवट राहतात. शिजवायला पंधरा मिनिटं लागतात, मुळांची माती काढून निवडायला दोन तास.

सावधगिरी : त्याच माळावर, त्याच ऋतूत डेथ कॅमास आणि क्रो पॉयझन हे दिसायला तसेच कंद उगवतात. डेथ कॅमास खरोखर जीवघेणा आहे. प्रत्येक रोपाचं पान चुरगळून वास घ्यायचा. कांद्याचा वास नाही तर टाकून द्यायचं. मात्र हाताला आधीच्या कांद्याचा वास लागलेला असतो, त्यामुळे शंभराव्या रोपाला नाक फसतं. मध्ये मध्ये हात धुवा.

मोडीप्रेमी

लिपीवर कुणी लिहिलं नाही अजून, तर मी लिहितो. हा विषय मराठी माणसाने समजून घ्यावाच असा आहे.

सिक्वोया हा चांदीकाम करणारा कारागीर. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. 'कागद बोलतो' एवढं पाहून त्याने १८२१ पर्यंत स्वतःच्या भाषेसाठी लिपी पूर्ण केली. १८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने ती स्वीकारली. सुरुवातीला चिन्हं ८६ होती, आज ८५ वापरात आहेत. २१ फेब्रुवारी १८२८ ला न्यू एकोटा (आजच्या जॉर्जियात) इथून 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. छपाईचे खिळे बॉस्टनमध्ये पाडून आणले होते. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', तेही द्विभाषिक, ६ जानेवारी १८३२ चं. दोन्ही समाज जवळपास एकाच वेळी आपल्या भाषेत वृत्तपत्र काढायला लागले.

आता शिकण्याची कृती. स्वर सहा : अ, ए, इ, ओ, उ आणि सहावा नाकातला, आपल्या 'अं'सारखा. रोमन लेखनात तो 'व्ही' अक्षराने दाखवतात, म्हणून नवशिके तिथे 'व' वाचतात. रानभाजींनी वर दिलेला कांद्याचा शब्द हेच उदाहरण. कुठल्याही चिन्हाचं रोमन वाचन करायचंच नाही, हा पहिला नियम. डी अक्षरासारखं दिसणारं चिन्ह 'अ' आहे, आर म्हणजे 'ए', डब्ल्यूच्या आकाराचं एक 'ला' आणि त्याच्याच जवळचं दुसरं 'ता', झेड म्हणजे 'नो', एच म्हणजे 'मी', एस म्हणजे 'डू', चारच्या आकड्यासारखं 'से'. इंग्रजी शिकलेला डोळा सतत अडखळतो.

बाराखडीशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवा. आपल्याकडे ग, गो, गू यांत 'ग' दिसतो, मात्रा बदलते. तिथे ग, गो, गू यांच्या आकृत्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. ८५ चिन्हं ८५ वेळा पाठ करावी लागतात. पण एकदा झाली की शुद्धलेखनाचे नियम फार थोडे. जोडाक्षर नाही. 'स्' हा एकटाच व्यंजन म्हणून सुटा लिहिता येतो, बाकी ठिकाणी एक न उच्चारलेला स्वर गृहीत धरून लिहितात.

लिपीत सूर आणि स्वराची लांबी दिसत नाही. 'आमा' म्हणजे पाणी आणि 'आमा' म्हणजे मीठ, लिहायला सारखंच, बोलायला वेगळं. म्हणून नुसतं पुस्तकातून ही भाषा येत नाही, बोलणारा माणूस समोर लागतो. ओठ मिटून होणारा 'म' सोडला तर प, फ, ब, भ काही नाहीत.

शब्द : ओसियो म्हणजे नमस्कार. वदो म्हणजे धन्यवाद. निरोपाला 'डोनाडागोहंई', पुन्हा भेटेपर्यंत. कायमच्या निरोपाचा शब्द या भाषेत वापरत नाहीत.

अक्षरगंगा

सहमत, आणि वाचनखूण साठवली. फोनवर ही लिपी कशी आणायची तेही सांगते. युनिकोडमध्ये ती १९९९ पासून आहे, २०१५ मध्ये लहान अक्षरंही आली. आयफोनमध्ये २०१० पासून आहे. सेटिंगमध्ये जनरल, मग कीबोर्ड, मग नवा कीबोर्ड जोडून चेरोकी निवडायचं. वेगळं अॅप लागत नाही. जुन्या संगणकावर चौकोन दिसले तर फॉण्ट नसतो. विंडोज ८ आणि पुढच्या आवृत्त्यांत तो सोबतच येतो.

भाषेची स्थिती मात्र गंभीर आहे. जन्मापासून चेरोकी बोलणारे आता सुमारे दोन हजारांच्या घरात, त्यांतले बहुतेक वयस्क. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी शासनांनी मिळून भाषेची आणीबाणी जाहीर केली. टाहलेक्वात २००१ पासून मुलांसाठी पूर्ण चेरोकी माध्यमाची शाळा आहे. प्रौढांसाठी दोन वर्षांचा कार्यक्रम आहे : आठवड्याला ४० तास वयोवृद्ध भाषकांसोबत बसून बोलणं, आणि त्याबद्दल विद्यार्थ्यालाच मानधन. एकूण सुमारे चार हजार तास. मला ही रचना फार मोलाची वाटते. भाषा शिकणं हे संध्याकाळच्या फावल्या वेळेचं काम राहिलं की प्रौढ माणूस शंभर शब्दांवर थांबतो. पोट भरायची सोय करून दिली तर तो बोलता होतो, आणि पुढे त्याच शाळेत शिकवायला उभा राहतो.

बुरूडआळी

टोपल्यांवर सविस्तर लिहितो, कारण उत्सवात लोक किंमत ऐकून दचकतात आणि काम कशात आहे ते दिसत नाही.

पूर्वेला मूळ साहित्य रिव्हरकेन. हा अमेरिकेचा स्थानिक बांबूच आहे, त्यामुळे आपल्या बुरुडांचे शब्द इथे चालतात. अंगठ्याएवढा जाड, दोन-तीन वर्षांचा वेळू घ्यायचा. कोवळा वाळल्यावर आकसतो. त्याचे उभे चार भाग करायचे, चकचकीत पाठ आतल्या गरापासून सोलायची, कडा सुरीने सारख्या करायच्या. कामटीची जाडी एकसारखी नसेल तर वीण तिरकी जाते. रंगासाठी काळ्या अक्रोडाचं मूळ किंवा साल (तपकिरी), ब्लडरूटचं मूळ (नारिंगी-तांबूस), बटरनट (काळा). चकचकीत पाठ रंग सावकाश घेते, तासन्‌तास उकळावं लागतं. अक्रोडाचा रंग लोखंडी भांड्यात अधिक गडद होतो, ब्लडरूटला ते भांडं नको, रंग मळतो. ब्लडरूट फार हळू वाढतं. सगळा कंद उपटू नये, डोळा असलेला तुकडा परत मातीत पुरावा.

पूर्वेची दुपदरी केन-वीण विसाव्या शतकात जवळजवळ हरवली होती. लॉटी स्टँपर यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या चेरोकी टोपलीच्या छायाचित्रावरून ती पुन्हा उलगडली आणि शिकवली. या विणीत आतल्या बुडापासून सुरुवात होते, कामट्या काठावर वळून बाहेरच्या अंगाने बुडापर्यंत खाली येतात. वेगळा काठ बांधावा लागत नाही.

ओक्लाहोमात आल्यावर रिव्हरकेन दुर्मिळ झालं, तेव्हा बकब्रशचे जमिनीलगत धावणारे फुटवे आणि हनिसकलच्या वेली हाती घेतल्या. पानं गळाल्यावर, रस चढण्याआधी तोडायच्या. गुंडाळ्या करून काही तास उकळायच्या, साल फडक्याने ओढून काढायची, वाळवून ठेवायच्या. विणण्याआधी पुन्हा भिजवायच्या. कमी भिजल्या तर वळणावर मोडतात. रात्रभर पाण्यातच राहिल्या तर काळ्या पडतात.

उभ्या काड्यांची लांबी हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. दुपदरी टोपलीत तीच काडी आत वर जाते आणि बाहेर खाली येते. बूड १० सेंमी, उंची १२ सेंमी धरा. एका बाजूला १२ वर, वळणाला २, १२ खाली, खोचायला ६, म्हणजे ३२. दोन्ही बाजूंचे ६४ अधिक बूड १०, एकूण ७४ सेंमी. नवशिके ४० सेंमीच्या काड्या कापतात आणि टोपली एकपदरीच संपते. एका वेलीने एक-वर-एक-खाली विणायचं असेल तर उभ्या काड्या विषम हव्यात. सम असल्या तर दुसरी फेरी पहिलीवरच बसते आणि वीण धरत नाही. मग दोन वेली घेऊन पीळ देत विणावं.

विकत घेताना : १९९० च्या केंद्रीय कायद्यानुसार 'चेरोकी बनावटीची' म्हणून विकलेली वस्तू नोंदणीकृत सदस्याने किंवा जमातीने प्रमाणित केलेल्या कारागिरानेच केलेली असावी लागते. विणणाऱ्याचं नाव आणि जमात विचारा. पूर्वेकडे जाल तर १९४६ पासून चालणारी क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल ही कारागिरांची सहकारी संस्था चेरोकी गावात आहे.

सुईदोरा

बायकांच्या पोशाखाचं थोडक्यात. 'टेअर ड्रेस' हा शब्द अश्रूंवरून आला असं ऐकाल, पण उच्चार 'टेअर', फाडणे. कापड कात्रीने न कापता फाडून चौकोनी-आयताकृती तुकडे करतात. १९६९ मध्ये जुन्या घराण्यातल्या एका झग्यावरून हा नमुना ठरला.

साधं विणलेलं सुती कॅलिको घ्या. कडेला छोटा छेद देऊन ओढलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. पॉलिएस्टर मिश्रण खेचलं जातं, फाटत नाही. कापड आधी धुवून आटवा, नाहीतर पहिल्या धुण्यात चौकोन वाकडे होतात. छापील नक्षी धाग्याशी तिरकी असेल तर फाडल्यावर नक्षी तिरपी दिसते, दुकानातच कड फाडून पाहा. सगळे तुकडे सरळ असल्याने काखेत चौकोनी कळी लावावीच लागते, नाहीतर हात वर केला की शिवण उसवते. शोभेच्या पट्ट्यांवर हिऱ्याच्या आकाराचे तुकडे, त्यांची टोकं दुमडताना जाडी वाढते. आतला कोपरा आधी कापून टाकावा.

खेळगडी

उत्सवातले तीन खेळ चुकवू नका.

चेरोकी मार्बल्स : पाच खळगे, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात, एकमेकांपासून दहा-बारा यार्ड. पूर्वी घडवलेले दगडी गोळे, आता बिलियर्डचे चेंडू. क्रमाने खळग्यांत चेंडू टाकत जायचं आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू उडवून लांब पाठवायचा. गोट्यांसारखा बोटाने मारायचा नाही, खालून हाताने फेकायचा.

कॉर्नस्टॉक शूट : मक्याच्या ताटांची रचून बांधलेली चळत, सुमारे शंभर यार्डांवर. बाण किती ताटांतून आरपार गेला तेवढे गुण. त्यामुळे नेमासोबत बाणाची घुसण्याची ताकद लागते. ओली ताटं बाण अडवतात, ती पूर्ण वाळलेली लागतात.

स्टिकबॉल : हिकरीची काठी उकळून टोकाला वाकवून पळी करतात, चामड्याची जाळी ओवतात. एकेकाच्या हातात दोन. मैदानावरच्या कौटुंबिक प्रकारात उंच खांबाच्या टोकाला लाकडी मासा असतो, चेंडू त्याला लागला की गुण. पुरुषांनी काठ्याच वापरायच्या, बायकांना हात मोकळे.

इर्जिक

शीर्षकात 'गडूगी' आहे पण त्यावर कुणी आलं नाही. गडूगी म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकणं. पूर्वी आजारी माणसाचं किंवा विधवेचं शेत गावाची टोळी नांगरून, पेरून देई. आपल्याकडच्या इर्जिकीशी थेट नातं सांगता येईल. फरक एवढा की इर्जिक घालणारा जेवण देतो, तर गडूगीत टोळी कायम बांधलेली असे आणि ज्याला देणं शक्य नाही त्याचं काम आधी होई.

आधुनिक उदाहरण बेल या गावाचं, अॅडेअर काउंटीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पुष्कळ घरांत नळ नव्हता. विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप यांनी गावकऱ्यांना एकत्र केलं. सुमारे १६ मैलांचा नळमार्ग गावाने स्वतः खणला. कुटुंबांना मार्गाचे तुकडे वाटून दिले होते. यात मला महत्त्वाची वाटते ती वाटणी. 'सगळ्यांनी या' म्हटलं की निम्मे येतात. 'झाडापासून ओढ्यापर्यंत तुमचं' म्हटलं की माणूस न येता राहत नाही, कारण नळ त्याच्याच तुकड्यावर अडून राहिलेला दिसतो. मॅनकिलर पुढे १९८५ ते १९९५ चेरोकी नेशनच्या प्रमुख होत्या, त्या पदावरची पहिली स्त्री.

अटलांटाकर

उपयुक्त. नागरिकत्व कसं ठरतं? 'माझी पणजी चेरोकी होती' असं सांगणारे अमेरिकन सहकारी अनेकांना भेटतात.

पायवाट

घरातली आठवण किंवा डीएनए चाचणी चालत नाही, कागद लागतो. चेरोकी नेशनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डॉज नोंदवहीत पूर्वज असावा लागतो, रक्ताच्या प्रमाणाची अट नाही. ईस्टर्न बँडमध्ये १९२४ ची बेकर नोंदवही आणि किमान एक-सोळांश रक्त. किटूवा बँडमध्ये एक-चतुर्थांश. चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीयांना १८६६ च्या तहाने नागरिकत्वाचे हक्क मिळाले. त्यांच्या वंशजांना ते पुढे नाकारले गेले, २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने हक्क मान्य केले, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले 'रक्ताने' हे शब्द काढून टाकले. वारशाबद्दल बोलताना हा भाग वगळू नये.

बीजराखा

शेवटी बियाणं. चेरोकी नेशनची पारंपरिक बियाणांची पेढी दर फेब्रुवारीच्या सुमारास नागरिकांना मोफत बी देते, मोजक्याच वाणांची. बाहेरच्यांना मिळत नाही, मागूही नये. २०२० मध्ये या पेढीचे नऊ वाण स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात गेले. अमेरिकेतल्या जमातींपैकी हे करणारी ही पहिली.

व्हाइट ईगल मका वाऱ्याने फलित होतो, शेजारी दुसरा मका असेल तर पहिल्याच वर्षी दाण्यांत मिसळ दिसते. अंतर पाव मैलाहून जास्त हवं. ते जमत नसेल तर पेरणी दोन-तीन आठवडे पुढेमागे करून तुरे एकाच वेळी येऊ देऊ नयेत. बी धरायला शंभराहून अधिक झाडं असावीत, पाच-दहा झाडांवरून बी धरत गेलं की काही पिढ्यांत वाण खुरटतो. 'ट्रेल ऑफ टिअर्स' हा काळा वेलघेवडा बहुतांशी स्वतःच फलित होतो, त्याला एवढं अंतर नको. आधी मका, तो वीतभर झाला की बुंध्याशी घेवडा, आठवड्याने मोकळ्या जागेत भोपळा. घेवडा मक्यासोबतच पेरला तर कोवळं ताट वेलाच्या ओढीने आडवं पडतं. शेंगा वेलीवरच खुळखुळेपर्यंत वाळू द्यायच्या आणि पाऊस येणार असेल तर वेल मुळासकट उपटून छपराखाली उलटे टांगायचे.